पट्टा निघतो तळपायातून

जूनचा दुसरा आठवडा. गाढी नदीच्या अलीकडचं आमचं मैदान रात्रभर भिजलं होतं. मेमध्ये जिथे टाच आपटली की धूळ उडायची, तिथे आता पाऊल टाकलं की ‘पचक’ असा आवाज येत होता. लाठी तीच, भरीव वेळूची, तेल पिऊन पिऊन काळपट झालेली. हात तेच. तीन महिने घोटलेला पवित्राही तोच. डावा पाय पुढे, उजवा मागे, फेक, वळण, पुन्हा फेक. तिसऱ्या वळणाला उजवा पाय मला न विचारताच निघून गेला आणि मी चिखलात बसलो.

“वस्ताद, फार घसरतंय.”

“घसरू द्या की. कुठनं घसरला तेवढं बघा.”

वस्ताद कोल्हापूरकडचे, नोकरीपायी पनवेलला आले आणि इथलेच झाले. मर्दानी खेळ शिकवायला त्यांना हॉल लागत नाही. हॉल परवडत नाही हेही एक कारण असणार, पण ते कबूल करायचे नाहीत. चाळिशी ओलांडलेला त्यांचा एकमेव विद्यार्थी मी. त्या सकाळी कपडे पिळताना पडण्यापेक्षा न पडण्याचंच मला जास्त नवल वाटत होतं. तासाभरात पाय पंधरा-वीस वेळा तरी सरकला असेल. पडलो मात्र एकदाच. बाकीच्या वेळी मला सावरलं कोणी? मी तर काहीच केलं नव्हतं. काही करायचं सुचेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असायचं.

डोळ्यांनी काही पाहून हात हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. घसरणारा पाय तेवढं थांबत नाही. पण पोटरीच्या स्नायूंमध्ये अगदी बारीक संवेदक तंतू असतात आणि स्नायू अचानक ताणला गेला की तेच ओरडतात. ती हाक मज्जारज्जूपर्यंत जाते आणि तिथूनच आखडण्याचा हुकूम परत येतो. जाऊन-येऊन लागतो सेकंदाचा विसावा-पंचविसावा भाग. मेंदूला बातमी कळते ती नंतर, गावात चोर पकडल्यावर पाटलाला वर्दी जावी तशी. मग मागून आणखी दुरुस्त्या येतात. कमरेतून, खांद्यातून, मोकळ्या हातातून. प्रत्येक दुरुस्ती आधीच्यापेक्षा थोडी सावकाश आणि थोडी शहाणी असते.

ही सगळी यंत्रणा उभी आहे २६ हाडं आणि ३३ सांधे असलेल्या एका पावलावर. तळव्याच्या कातडीत स्पर्श, दाब आणि थरथर ओळखणारे वेगवेगळ्या जातींचे संवेदक आहेत. एकाला दाब किती वेळ टिकला ते कळतं, दुसऱ्याला कातडी कुठल्या बाजूला ओढली गेली ते. घसरणं सुरू होण्याआधी कातडी किंचित ओढली जाते आणि वस्तादांचं ‘कुठनं’ ते नेमकं हेच. त्यांना शरीरशास्त्रातलं एकही नाव येत नाही. ते एवढंच विचारतात, “अंगठ्याकडनं का करंगळीकडनं?” पहिले काही दिवस मला सांगताच यायचं नाही. मग एकदा कळलं, की करंगळीकडून. माझा मागचा पाय नेहमी बाहेरच्या कडेवर तोललेला असायचा. कोरड्या जमिनीने ही चूक तीन महिने पोटात घातली होती, चिखलाने एका सकाळी चारचौघांत सांगून टाकली.

तोल राखताना शरीर तीन साक्षीदारांना विचारतं. डोळे, तळपाय-स्नायू आणि कान. कान ऐकण्यासाठी असतो हे आपण शाळेत शिकतो, पण त्याच्या आत अर्धवर्तुळाकार अशा तीन नळ्या असतात. त्यांतला द्रव डोकं कुठे वळलं ते सांगतो. शेजारच्या पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीच्याच जातीचे सूक्ष्म खडे असतात, ते खाली कुठे हे दाखवतात. डोक्यात खडे घेऊन आपण सगळेच फिरतो! सपाट फरशीवर या तिघांची साक्ष कायम जुळते. उताराच्या ओल्या जमिनीवर, तिरप्या पावसात, ती फाटते. क्षितिज दिसत नाही, जमीन सरकते आणि गिरकी घेऊन थांबलं तरी कानातला द्रव फिरतच राहतो, म्हणून भोवळ येते. कोणाचं किती खरं धरायचं, हा हिशेब मेंदूला दर क्षणी नव्याने मांडावा लागतो. तो मांडायची सवय लागते ती अशाच जागी. खात्री करायची असेल तर भिंतीशेजारी एका पायावर उभं राहून डोळे मिटा. एक साक्षीदार कमी झाल्यावर घोटा किती धावपळ करतो ते कळेल.

आता दांडपट्टा. १९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झालेलं हे हत्यार तलवारीसारखं दिसतं, पण तलवारीचा मोठेपणा ज्या मनगटात असतो ते मनगटच इथे बंद करून ठेवलेलं असतं. मूठ आडवी, हात कोपराच्या जवळपासपर्यंत लोखंडी खोबळ्यात आणि पुढे लवचीक, लांबलचक पातं. मनगट फिरत नाही म्हटल्यावर पातं फिरवायचं कशाने? खांद्याने. खांदा फिरतो कमरेने आणि कमर फिरते ती पायाने. मर्दानी खेळात जमिनीवर किंवा कोणाच्या तळहातावर ठेवलेलं लिंबू पट्ट्याने काढतात. मी एकदा कागदावर हिशेब केला. खांद्यापासून पात्याचं टोक पावणेदोन मीटरवर धरलं, तर खांदा एका अंशाने कलला की टोक तीन सेंटिमीटर सरकतं. लिंबूच मुळी चार सेंटिमीटरचं. म्हणजे टाचेखाली एखादा खडा आला आणि अंग केसभर कललं, तर लिंबाऐवजी खालचा हात! वस्ताद पट्टा हातात देण्याआधी वर्षभर लाठीच का फिरवायला लावतात आणि लाठीच्या आधी नुसते पाय का, याचं उत्तर मला त्या कागदावर मिळालं. (पट्टा मला अजून मिळालेला नाही.)

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं, की आधी पळस्पे फाटा लागतो, पुढे शिरढोण आणि मग डावी-उजवीकडे झाडी दाट होऊन कर्नाळ्याचा अंगठा आभाळात उभा राहतो. काही किलोमीटरच्या या पट्ट्यात आपल्या विषयाचा एक जुना अध्याय दडलेला आहे. शिरढोणला ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके जन्मले. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते आणि १८१८ साली किल्ला इंग्रजांकडे गेला. नातू पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून झाला. दिवसभर खुर्ची, पण सकाळ वेगळी. लहुजी वस्ताद साळवे यांच्याकडे त्यांनी दांडपट्टा, तलवार, लाठी शिकून घेतली. लहुजींचा जन्म १७९४चा, पुरंदरच्या पायथ्याचा. खडकीच्या १८१७च्या लढाईत वडील गेले आणि मुलाने पुण्यात तालीम काढली. जोतीराव फुलेही त्यांच्याच हाताखाली तयार झाले. लहुजी आपल्या पोरांना तालमीच्या चार भिंतींत अडकवून ठेवत नसत, शहराबाहेरच्या टेकड्यांवरही नेत, असं सांगितलं जातं. इंग्रजी राज्यात शस्त्रं लपवायला टेकडी बरी, हे तर आहेच. पण टेकडीवर पट्टा फिरवणाऱ्याला आणखी एक गोष्ट फुकट मिळते. त्याचे दोन पाय कधीही एका पातळीवर नसतात.

कर्नाळा चढून पाहा. उंची साडेचारशे मीटरच्या आसपास, म्हणजे सह्याद्रीच्या मानाने किरकोळच. वर बेसॉल्टचा तो सुळका आणि त्याला लटकलेली मधमाश्यांची मोठाली पोळी. १६६५च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत हा एक होता. १६७०मध्ये मराठ्यांनी तो परत घेतला तो हल्ला करून. माती आणि फळ्यांचे आडोसे उभे करत, तेच पुढे सरकवत ते वर गेले. त्या उतारावर नुसतं पाणी आणि डबा घेऊन चढताना आपली कशी दमछाक होते ते आठवा आणि मग हातात फळी, वरून मारा आणि पायाखाली ढासळती माती, असं चित्र डोळ्यांसमोर आणा.

गंमत अशी, की कर्नाळा चढताना धाप लागते, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिने उतरताना मांड्या कळवळतात त्या चढण्यामुळे नाहीत, उतरण्यामुळे. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तो भार पेलत पेलत लांबत जातो, ब्रेकसारखा. अशा कामात श्वास कमी लागतो, पण तंतूंना बारीक इजा फार होते. त्याहून नवल पुढे आहे. एकदा असं दुखून बरं झालं, की पुढचे काही आठवडे तोच उतार तेवढा त्रास देत नाही. एका फेरीत स्नायू धडा घेतो. का, याची कारणं शास्त्रज्ञ अजून चघळत आहेत. पण डोंगरातल्या माणसाचे पाय ‘तयार’ असतात म्हणजे काय, त्याचा एक तुकडा इथे सापडतो. २ फेब्रुवारी १६६१ला खोपोलीजवळच्या उंबरखिंडीत मोगल सरदार कारतलबखानाची फौज कोंडली गेली, तेव्हा घाट उतरून आलेल्या त्या सैनिकांच्या मांड्यांचं काय झालं असेल, असं मला राहून राहून वाटतं. बखरीत मांड्यांची नोंद नसते.

फडक्यांनी १८७९च्या फेब्रुवारीत रामोशी साथीदारांसह धामारीवर छापा घालून बंडाला सुरुवात केली. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचा सहकारी दौलतराव नाईक आपल्या लोकांना घेऊन घाट उतरला आणि थेट पनवेलजवळच्या पळस्प्यावर तुटून पडला. लूट घेऊन परत घाट चढताना मेजर डॅनिएलच्या तुकडीने गाठलं आणि दौलतराव मारला गेला. पुढे जुलैत थकलेले फडके विजापूरकडच्या देवर नावडगीला झोपेत पकडले गेले. त्यांना एडनला धाडलं, तिथून दार उखडून ते पळाले, पुन्हा सापडले आणि १७ फेब्रुवारी १८८३ला वारले. लहुजी वस्तादही दोनच वर्षं आधी, १७ फेब्रुवारीलाच गेले होते.

मी मात्र त्या मे महिन्यापाशी अडतो. पनवेलचा मे ज्याने अंगावर घेतला आहे, त्याला कळेल. एक लिटर घाम अंगावर पूर्ण सुकला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. सात लिटर गार पाणी उकळायला लागते एवढी! मानवी देहाला मिळालेली ही फार मोठी देणगी, पण अट एकच, घाम सुकला पाहिजे. खाडीवरून येणाऱ्या दमट हवेत तो सुकत नाही, कोपरावरून ठिबकतो. ठिबकलेला घाम म्हणजे दुकानातून आणून रस्त्यात सांडलेलं दूध. घाटमाथ्याच्या कोरड्या हवेतून उतरलेल्या माणसाला इथे वरच्यापेक्षा कमी तापमानातही उकडून जीव नकोसा होतो, तो यामुळे. तरीही देह शिकतो. रोज तासभर उकाड्यात घाम गाळला, तर दहा-पंधरा दिवसांत रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. मीठ आत राखून पाणी बाहेर सोडायची ही युक्ती घामाच्या ग्रंथी आपल्याला न विचारता शिकतात. एसीत राहिलो तर काही आठवड्यांत विसरूनही जातात. रामोशी तर पिढ्यान्‌पिढ्या गावांची राखण करणारे, उन्हातान्हात आणि रात्री-अपरात्री हिंडणारे लोक. अंधार त्यांच्या अंगवळणी पडलेला असणार. डोळ्याला पुरता अंधार सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि अंधुक उजेडात दिसणाऱ्या पेशी नजरेच्या ऐन मध्यावर नसतात, बाजूला असतात. म्हणून काळोखात वस्तू नीट पाहायची तर तिच्याकडे थेट न पाहता जरा कडेला पाहावं लागतं. पहाटे पाचला मैदानावर मोबाइल उघडला की वस्ताद चिडतात. “झालं, आता अर्धा तास आंधळे तुम्ही.”

पाऊस धरला की आमची तालीम बांधावर जाते. भातखाचराचा बांध म्हणजे वीतभर-दीडवीतभर रुंदीची चिखलाची रेघ. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत, त्यामुळे ती रेघ रोज वेगळी असते. आवणी झालेल्या शेताच्या बांधावर लाठी घेऊन नाचलात, तर मालक तीच लाठी तुमच्यावर चालवील आणि ते बरोबरच होईल. पण पनवेलच्या आसपास इमारतींची वाट पाहत पडीक राहिलेल्या खाचरांना तोटा नाही. तिथल्या बांधावर सरळ रेषेत पुढे-मागे चाल करायची. पहिल्या दिवशी मी दर चौथ्या पावलाला खाचरात उतरत होतो. तेवढ्यात पलीकडच्या बांधावरून एक आजी डोक्यावर रोपांचा भारा घेऊन, एका हाताने लुगडं सावरत, शेजारणीशी बोलत बोलत निघून गेल्या. त्यांच्या पावलांकडे वस्तादांनी फक्त मान हलवून मला पाहायला सांगितलं.

मी पाहिलं. त्या पाऊल आपटत नव्हत्या, ठेवत होत्या. आधी चवडा जमीन चाचपायचा, मग भार यायचा. उचलताना आधी टाच किंचित फिरायची. यात पक्कं यंत्रशास्त्र आहे. चिखलात रुतलेलं पाऊल सरळ वर ओढलं, तर खाली पोकळी होऊ पाहते आणि बाहेरची हवा पाऊल दाबून धरते. टाच फिरवली की कडेने हवा-पाणी आत शिरतं आणि पाऊल सुटतं. मऊ जमिनीवर ताकद किती वाया जाते, हे बेल्जियमच्या संशोधकांनी १९९८मध्ये मोजलं होतं. वाळूत चालायला टणक जमिनीच्या दुपटीहून अधिक, कधीकधी पावणेतीनपट ऊर्जा लागते. पाऊल जमिनीला ढकलतं आणि जमीन परत ढकलण्याऐवजी नुसती सरकते. आजींच्या चालीत ती गळती कमीत कमी होती. कोणत्याही आखाड्यात न गेलेला इतका स्वच्छ पवित्रा मी दुसरा पाहिलेला नाही.

हातांचंही एक कोडं आहे. पावसात अर्धा तास लाठी फिरवली की बोटांना सुरकुत्या पडतात. आपण समजतो कातडी पाणी पिऊन फुगली. पण बोटाची नस तुटलेली असेल तर त्या बोटाला सुरकुत्या पडत नाहीत, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. म्हणजे सुरकुत्या पाणी आणत नाही, मज्जासंस्था मुद्दाम पाडते. रक्तवाहिन्या आकसतात आणि वरची कातडी आत ओढली जाते. कशासाठी? न्यूकॅसलच्या संशोधकांनी २०१३मध्ये लोकांना ओल्या गोट्या उचलायला लावल्या, तेव्हा सुरकुतलेल्या बोटांनी काम लवकर झालं. टायरच्या नक्षीसारखं पाणी बाजूला सारण्यासाठी ही सोय असावी, असा तर्क. सगळ्यांच्या प्रयोगांत तो फरक दिसला नाही, त्यामुळे वाद चालू आहे. मी स्वतः ओल्या लाठीवर मूठ घट्ट बसते या बाजूचा आहे, पण लाठीला पाजलेल्या तेलाचं श्रेय कोणाला द्यायचं, हा प्रश्न उरतोच.

आता दुसरी बाजू. बंदिस्त जागेला मी नावं ठेवत नाही. केरळात कळरी जमिनीत खणतात, परंपरेने ४२ फूट लांब आणि २१ फूट रुंद. तिथली माती जपलेली, पूजलेली असते. आपल्या कुस्तीच्या हौद्यातल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद मुरवलेली असते आणि तिच्यावर पडायला लहान मूलही घाबरत नाही. पडायला शिकायचं तर मऊ जागाच हवी. कर्नाळ्याच्या पायऱ्यांवर पडायला शिकणारा दुसऱ्यांदा शिकायला येत नाही. मर्दानीपणाच्या नावाखाली विजा कडाडत असताना मोकळ्या रानात लोखंडी पट्टा परजणारे पाहिले की मला धडकीच भरते. वीज दिसल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. आमचे वस्ताद अशा वेळी सगळ्यात आधी शेडकडे पळतात आणि त्यात त्यांना काडीची लाज वाटत नाही.

मला खटकतं ते एवढंच, की पाय सपाटीला सरावतात आणि मग सपाटीच मागतात. पनवेलचा भूगोलही तिकडेच चालला आहे. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीला नवी वाट दिली गेली, खाचरांवर भराव पडले. विमानाला सपाटी लागतेच, त्याबद्दल तक्रार करून उपयोग नाही. आमच्या मैदानाच्या एका कोपऱ्यातही गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस कोणीतरी बांधकामाची खडी आणून ओतली. निम्मी जागा गेली. मी वैतागलो, कोणाकडे तक्रार करावी ते शोधायला लागलो.

वस्ताद त्या ढिगाऱ्यावर चढले. दोन पावलं चालले, खडी घरंगळली, गुडघा दुमडून ते सावरले. मग तिथूनच हाक आली.

“लाठी घेऊन या इकडं. आणि चपला काढा.”